टॅलीचं नवीन रिलीज येतंय? मग या चुका तरी करू नका

टॅलीचं, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, नवीन रिलीज (नवीन आवृत्ती) येणार अशी कुणकुण लागली की माझा फोन वाजायला लागतो. अर्ध्या लोकांना ते कालच हवं असतं, आणि उरलेल्यांनी ते येणार म्हणून आजची कामं थांबवलेली असतात. मी टॅली ७.२ पासून लोकांना हे सॉफ्टवेअर लावून देतोय, म्हणजे २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला तेव्हापासून, मग ९ आलं, २००९ ला ईआरपी ९, २०१७ ला जीएसटीचा धिंगाणा, नोव्हेंबर २०२० ला टॅलीप्राइम. सॉफ्टवेअर कुठल्या कुठे गेलं, चुका मात्र त्याच आहेत, फक्त करणारी पोरं बदलली.

चालू डेटावर थेट अपग्रेड मारणं

या चुकीचा मला मनापासून राग येतो, त्यामुळे इथे जरा जास्त लिहितोय.

२०२३ ला प्राइमचं ३.० आलं तेव्हाची गोष्ट. माझे एक क्लायंट आहेत, पाईप आणि फिटिंगचं दुकान, तीन मशीन, एक काउंटरला, एक गोडाऊनला आणि एक शेठच्या केबिनमध्ये. शेठचा भाचा नुकताच तीन महिन्यांचा टॅलीचा कोर्स करून आलेला, सर्टिफिकेट लॅमिनेट करून भिंतीला लावलेलं. महिन्याची १९ तारीख, दुसऱ्या दिवशी जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं. संध्याकाळी सात वाजता या पठ्ठ्याला स्क्रीनवर दिसलं की नवीन रिलीज आलंय, आणि त्याने लगेच ते घेतलं. पुढे जी जी खिडकी समोर आली तिला न वाचता एंटर मारत गेला. डेटा मायग्रेट झाला, म्हणजे नवीन रिलीजच्या साच्यात गेला. पोरगं खूश, कारण स्क्रीन नवीन दिसायला लागली.

पावणेआठला गोडाऊनवरून फोन, कंपनी (टॅलीत धंद्याचे हिशेब असतात ती फाईल) उघडेना. उघडणार कशी, ३.० ला मायग्रेट झालेला डेटा जुन्या रिलीजला उघडतच नाही, आणि गोडाऊन आणि केबिनच्या मशीनवर अजून जुनंच होतं. मग भाच्याने जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) उघडून बघितलं तर अनसर्टन ट्रान्झॅक्शन्समध्ये, म्हणजे टॅलीला माहिती अपुरी किंवा चुकीची वाटते त्या यादीत, दोनशेच्या वर व्हाउचर (एंट्री) जाऊन बसलेली. तेव्हा कुठे त्याला घाम फुटला आणि मला फोन आला.

मी पहिला प्रश्न विचारला, बॅकअप आहे का? "आहे ना सर, रोज घेतो." म्हटलं चला, वाचलो. पेन ड्राइव्ह उघडला, रोजच्या तारखेची फाईल बरोबर आहे, आणि आत बघतो तर मागच्या वर्षीची कंपनी. एप्रिलमध्ये नवीन वर्षाला नवीन कंपनी केली, पण बॅकअप घेताना निवडलेली कंपनी तीच जुनी राहिली. पोरगं अडीच महिने इमानेइतबारे रोज संध्याकाळी बंद पडलेल्या वर्षाचा बॅकअप घेत होतं. शेठ काही बोलले नाहीत, नुसते भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे बघत बसले.

मागे जायची वाट बंद झाली, मग बसलो दोन वाजेपर्यंत. त्या व्हाउचरमध्ये मोठं काही नव्हतंच, निम्म्याहून जास्त ठिकाणी युनिट 'नग' असं टाकलेलं आणि त्याच्यासमोर जीएसटीचा यूक्यूसी (मापाचा ठरलेला कोड) जोडलेलाच नव्हता, बाकी ठिकाणी पार्टीचं राज्य चुकलेलं. म्हणजे घाण आधीपासूनच होती, नवीन रिलीजने फक्त ती पुढ्यात आणून ठेवली. हे दुपारच्या वेळी, २५ तारखेला, चहा पीत झालं असतं. आम्ही ते १९ च्या रात्री डास मारत केलं.

आता मी काय करतो ते सांगतो. ही काही शास्त्रोक्त पद्धत नाही, माझी सवय आहे. १० ते २० तारखेच्या मध्ये मी कुणाचंही अपग्रेड करत नाही, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तर बापाने सांगितलं तरी नाही. आधी ट्रायल बॅलन्स, क्लोजिंग स्टॉक आणि येणं-देणं यांच्या पीडीएफ काढून ठेवतो. सगळ्या मशीनवर टॅली बंद करतो (काउंटरवालं मशीन हमखास चालूच राहिलेलं असतं, स्वतः उठून बघा) आणि अख्खं डेटाचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करतो. टॅलीचा बॅकअप वेगळा घेतोच, आणि तो एकदा दुसऱ्या ठिकाणी रिस्टोअर करून उघडून बघतो, कारण न उघडलेल्या बॅकअपवर माझा आता काडीचा विश्वास राहिलेला नाही. मग नवीन रिलीज वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचं, कॉपी केलेला डेटा तिथे उघडायचा, मघाच्या पीडीएफ शेजारी ठेवून आकडे जुळवायचे. जुळले, एक-दोन बिलं छापून बघितली, की मगच खरा डेटा आणि तिन्ही मशीन एकाच दिवशी.

आणि घाई कशाची आहे? ३.० नंतर ३.०.१ आलं, ५.० नंतर ५.१, ६.० नंतर ६.१. शून्यवालं रिलीज आलं की मी निदान महिनाभर दुसऱ्यांचे अनुभव ऐकतो. पहिल्या दिवशी टाकणाऱ्याला कुणी बक्षीस देत नाही.

टीएसएस न बघता सेटअप चालवणं

लायसन्स कायमचं असतं, नवीन रिलीजचा हक्क टीएसएस (टॅलीची वर्गणी) चालू असेल तरच. टीएसएस संपल्यावर नंतर आलेलं रिलीज टाकलं की टॅली एज्युकेशनल मोडला (शिकणाऱ्यांसाठीचा मोड) जातं, आणि मग व्हाउचर फक्त १, २ अशा मोजक्याच तारखांना पडतं. "सर, टॅली ३ तारीख घेईना" असा फोन आला की मला पुढचं काही विचारावं लागत नाही.

टीडीएलवाल्याला न विचारणं

बिलावर हमाली, तोलाई, गाडी नंबर, वर गणपती, हे सगळं कुणीतरी कधीतरी बनवून दिलेल्या टीडीएलमुळे (टॅलीला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) येतं. ते नवीन रिलीजवर चालेल याची कुणी गॅरंटी दिलेली नसते. बनवणारा फोन उचलत असेल तोवर विचारून घ्या.

"पुढच्या रिलीजमध्ये येणारे" म्हणून काम टांगून ठेवणं

ही पहिल्या चुकीच्या बरोबर उलटी चूक आणि माझ्या मते जास्त महाग. कारण अपग्रेड फसलं तर त्याच दिवशी बोंब होते, इथे काही महिने कळतच नाही.

एक फर्निचरवाले आहेत, माणूस हुशार, मोबाईलवर सारखे व्हिडिओ बघत असतात. त्यांनी कुठेतरी ऐकलं की आता टॅली थेट बँकेला जोडलं जाणार, स्टेटमेंट आपोआप येणार, एंट्री आपोआप जुळणार. झालं, त्या दिवसापासून बँक रेकन्सिलिएशन (बँकेच्या नोंदी आपल्या एंट्रीशी जुळवणं) बंद. त्यांच्याकडे हिशेब लिहायला येणाऱ्या ताईंनी दोनदा विचारलं, तर म्हणाले, कशाला डोळे फोडताय, दोन-तीन महिन्यांत बटण येतंय. दिवाळीत बंद केलेलं काम मे महिन्यापर्यंत बंद होतं.

२०२५ ला ६.० आलं, बँकेची जोडणी पण खरंच आली, म्हणजे व्हिडिओवाला खोटं बोलत नव्हता. पण सुरुवातीला ती मोजक्याच बँकांसाठी होती, आणि यांचं सीसी (कॅश क्रेडिट) खातं गावातल्या नागरी सहकारी बँकेत, जिथे अजून पासबुक छापायला रांग असते आणि प्रिंटर कर्र कर्र करतो. हा एवढा एक प्रश्न कुणीच विचारला नव्हता, की माझी बँक त्या यादीत आहे का.

मग मी आणि ताई पासबुक घेऊन बसलो. सात महिन्यांच्या एंट्री, पट्टी ठेवून एकेक ओळ. प्लायवूडवाल्याला दिलेला ४८,५०० चा चेक दोनदा टाकलेला, एकदा पेमेंट व्हाउचरला आणि एकदा जर्नल व्हाउचरला, त्यामुळे त्याच्या खात्यात आपलंच येणं दिसत होतं आणि तो बिचारा दर आठवड्याला पैसे मागत होता. व्याज आणि चार्जेस टाकलेलेच नव्हते. आणि सगळ्यात वाईट, एका गिऱ्हाईकाचा १,१०,००० चा चेक जानेवारीत परत आलेला. बँकेचा मेमो दुकानातल्या पोराने घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. टॅलीत ते गिऱ्हाईक पूर्ण चुकतं झालेलं दिसत होतं, त्यामुळे कुणी तगादाच लावला नाही. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, ती मुदत तर केव्हाच गेलेली. पैसे नंतर आले थोडे थोडे करून, पण ते त्या गिऱ्हाईकाच्या भलेपणामुळे.

आणि समजा जोडणी त्यांच्या बँकेला असती तरी काय? ती स्टेटमेंटमधली ओळ आणि तुमची एंट्री समोरासमोर आणून देईल. जर्नलला मारलेला चेक चुकीचा आहे हे ओळखायला कुणीतरी माणूस बसावाच लागतो. येणाऱ्या फीचरवर भरवसा ठेवून आजचं काम सोडणाऱ्यांना मी एकच विचारतो, ते रिलीज नोट्समध्ये आलंय का? व्हिडिओत आलंय, डीलर म्हणाला, व्हॉट्सॲपवर फिरतंय, यातलं काहीच धरायचं नाही. रिलीज नोट्समध्ये छापून आलं आणि आपल्या मशीनवर चालताना बघितलं, तेवढंच आहे असं समजायचं, बाकी सगळं नाही.

कायदा बदलला म्हणजे रिलीज येऊन सगळं बदलून देईल असं समजणं

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये हे इतक्या वेळा समजावलं की घसा बसला. ३ तारखेला जीएसटी कौन्सिलची बैठक झाली, २२ पासून नवीन दर, १२ आणि २८ चे टप्पे बहुतेक मालावरून गेले. सिमेंट २८ चं १८, केसांचं तेल, शॅम्पू, टूथपेस्ट १८ चं ५. लगेच फोन, "सर, अपडेट कधी येणार?" अहो, तुमच्या दुकानातल्या तेलाच्या बाटलीचा रेट बेंगळुरूत बसून कोण बदलणार? तो तुमच्या आयटमच्या नाहीतर स्टॉक ग्रुपच्या मास्टरमध्ये तुम्हीच भरलाय, तुम्हीच बदलायचा. त्यासाठी नवीन रिलीज लागत नव्हतं.

काहींनी बदलला तो पण कसा, तर जुना रेट खोडून त्यावरच नवीन लिहिला. मग ऑगस्टचं एखादं बिल दुरुस्त करायला उघडलं की झाला घोळ. तिथे लागू तारखेचा रकाना असतो, २२-९-२०२५ ची नवीन ओळ टाकायची आणि जुनी तशीच ठेवायची. आणि जुन्या मालाची क्रेडिट नोट नंतर करत असाल तर छापायच्या आधी रेट डोळ्याने बघा, मूळ बिल २८ चं असेल तर परतीला पण २८ च.

ज्याला खरंच रिलीज लागतं अशा गोष्टी वेगळ्या, रिटर्नचा फॉर्म बदलला, ई-इन्व्हॉइसचा साचा बदलला वगैरे. हा फरक कळला तर तुमचे आणि माझे निम्मे फोन वाचतील.

मुदत पुढे ढकलली जाईलच असं धरून चालणं

एडिट लॉगचं, म्हणजे कुठली एंट्री कुणी कधी बदलली याच्या नोंदीचं, असंच झालं. कंपन्यांना ही नोंद, म्हणजे ऑडिट ट्रेल, सक्तीची होणार होती १ एप्रिल २०२१ ला, मग गेलं २०२२, मग २०२३. टॅलीने एडिट लॉगवालं व्हर्जन काढून ठेवलं होतं, तरी माझ्याकडचे दोन प्रायव्हेट लिमिटेडवाले म्हणाले की तिसऱ्यांदा पण ढकलतील. नाही ढकललं. आणि त्याच सुमारास साध्या प्रोप्रायटरी दुकानदारांनी मात्र घाबरून चौकशा केल्या, ज्यांना तो नियम लागूच नव्हता.

बीटा (चाचणीसाठी काढलेलं कच्चं रिलीज) खऱ्या डेटावर चालवणं

यावर बोलायची माझी इच्छा नाही.

फोन करताना रिलीज न सांगणं

"सर, टॅली चालेना." कुठलं टॅली? "आपलं नेहमीचं." बाबांनो, एफ१ दाबा, अबाउटमध्ये जा, तिथे रिलीजचा नंबर आणि टीएसएसची तारीख दोन्ही दिसतं, ते मला वाचून दाखवा. पाईपवाल्या शेठनी आता तिन्ही मॉनिटरला चिठ्ठी चिकटवलीय, त्यावर रिलीज, अपग्रेडची तारीख आणि बॅकअप कुठल्या कंपनीचा घ्यायचा ते, खाली भाच्याची सही.