इट्स की इट’स? त्याच त्या चुका आता तरी टाळा

इंग्रजी मजकुराची प्रुफं तपासणं हे माझं रोजचं काम. लांबलचक, अवघड शब्दांचं स्पेलिंग चुकलेलं मला क्वचितच दिसतं, कारण ते लोक शब्दकोशात बघून घेतात. चुकतात ते तीन-चार अक्षरांचे शब्द, कारण ते बघावेत असं कुणाला वाटतच नाही. या लेखात वरचा कॉमा, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, असलेला शब्द मी इट’स असा लिहिते आणि बिनकॉमाचा इट्स असा. उच्चार दोन्हींचा एकच. घोळ तिथूनच सुरू होतो.

इट’स म्हणजे इट इज किंवा इट हॅज. इट्स म्हणजे त्याचा, त्याची, त्याचं. एवढंच आहे, तरी चांगली शिकलेली माणसं इथे घसरतात. ‘मालकी दाखवायची तर वरचा कॉमा आणि एस’ हे शाळेत इतकं पक्कं बसलेलं असतं की टीचर’स बुक, डॉग’स टेल झाल्यावर कुत्र्याच्या शेपटीला इट’स टेल म्हणणं बरोबरच वाटतं. पण मराठीत काय होतं बघा. रामला ‘चा’ लावून आपण ‘रामचा’ म्हणतो. ‘मी’ला ‘चा’ लावून ‘मीचा’ कुणी म्हणत नाही, तिथे ‘माझा’ हा शब्द आधीच तयार असतो. हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स आणि इट्स ही सगळी त्या ‘माझा’च्या घरची मंडळी. यांपैकी कुणालाही कॉमा लागत नाही.

मग इट’समध्ये तो कशासाठी? गाळलेल्या अक्षराची जागा दाखवायला. ‘काय चाललंय’ म्हणताना ‘आहे’ आक्रसून ‘य’ होतो आणि आधीच्या शब्दाला चिकटतो, तसाच इथे इज चिकटलेला असतो. ‘चाललंय’ उलगडून ‘चाललं आहे’ म्हणता येतं. इट’सही तसाच उलगडून बघायचा. ‘द डॉग वॅग्ड इट इज टेल’ असं मोठ्याने वाचलं की कान लगेच नाही म्हणतात.

‘जुन्या इंग्रजीत तर असंच लिहायचे’ ही सबबही मी ऐकली आहे. गोष्ट खरी आहे. 1787 साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत, पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात, मालकीच्या अर्थाने इट’स चक्क कॉमासकट आहे. तेव्हा ते चालत होतं. आज चालत नाही आणि तपासणारा ते चूकच धरतो.

आता एक अनुभव सांगते, कारण घाईने काय होतं ते यातून कळतं. एका यंत्राची माहितीपुस्तिका माझ्याकडे आली होती. लिहिणाऱ्याचं काम बरंच नीट होतं, मोजक्या ठिकाणी गडबड होती. तिथे खुणा करून मी पुस्तिका परत पाठवली. तिकडे नव्यानेच लागलेल्या एकाने एकेक खूण बघण्याऐवजी कॉम्प्युटरला हुकूम दिला, सगळे इट’स बदलून इट्स कर. एका क्षणात ‘इट इज’च्या अर्थाचे, बरोबर असलेले इट’सही गेले. चूक लक्षात आल्यावर त्याने उलटा हुकूम दिला, सगळे इट्स बदलून इट’स कर. पूर्ण शब्दच धर, ही खूण मात्र केली नाही. युनिट्सचे युनिट’स झाले, लिमिट्सचे लिमिट’स झाले. विजेच्या मर्यादा सांगणाऱ्या तक्त्यात प्रत्येक ओळीवर कॉमा लटकत होता. मूळ फाइल त्यावरच सेव्ह केलेली, म्हणजे परतीची वाटही बंद. मी दोन रात्री पेन्सिल घेऊन बसले आणि एकेक वाक्य उलगडत पुस्तिका पहिल्यापासून तपासली. पाच मिनिटं वाचवायला गेलेल्या माणसाचा मला तेव्हा राग आला होता, आजही येतो. अर्थ बघून घ्यायचा निर्णय एका बटणावर सोडताच येत नाही.

स्पेलिंग तपासणाऱ्या सोयीवरही विसंबू नका. दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत, त्यामुळे लाल रेघ उमटेलच असं नाही. माझी सवय अशी: लिहून झालं की फक्त वरचा कॉमा शोधायचा आणि प्रत्येकापाशी थांबून शब्द उलगडायचा. नंतर वेगळ्या फेरीत बिनकॉमाचे इट्स. दोन्ही एका फेरीत उरकले की काहीतरी सुटतंच. हात अजून बसला नसेल, तर काही महिने संक्षेप वापरूच नका. इट इज, यू आर, दे आर असं पूर्ण लिहा. औपचारिक लेखनात ते शोभतंही, आणि मग तुमच्या प्रत्येक इट्सला कॉमा नको हे आपोआप ठरतं.

युअर आणि यू’र यांचंही तेच. यू आर घालून वाक्य टिकलं तर कॉमा, नाहीतर युअर.

हूज दोन आहेत. ‘कोण आहे’ विचारायचं असेल तर कॉमावाला, ‘कोणाचं’ विचारायचं असेल तर डब्ल्यू-एच-ओ-एस-ई.

देअर तीन. जागेच्या देअरच्या पोटात हिअर आहे, म्हणजे ‘तिथे’च्या पोटात ‘इथे’. मालकीच्या देअरच्या पोटात एच-ई-आय-आर आहे, म्हणजे वारस, आणि वारसाकडे मालकी येते. तिसरा दे’र, तो दे आर असा उलगडतो.

शुड’व्ह कानाला शुड ऑफसारखं लागतं म्हणून तसं लिहू नका. तो हॅव्ह आहे.

एसच्या नंतर कॉमा लावलेला इट्स’ हा शब्द इंग्रजीत नाही.

आणखी एक चूक, जी नियम पाठ असलेल्यांकडूनच होते. ‘इज इट रेडी?’ याला ‘येस, इट’स’ असं उत्तर लिहितात. उलगडून बघितलं तर अर्थ जुळतो, पण वाक्याच्या शेवटी जोर इजवरच पडतो, आणि जोर पडलेला शब्द आक्रसत नाही. तिथे ‘येस, इट इज’ असं पूर्णच लिहावं लागतं.