रेफरन्स गाणं लावून मिक्स कसं करावं, आणि त्यातून स्वतःची ढब कशी पकडावी

हलगी-घुमक्याचं गाणं घरच्या खोलीत दणदणीत वाजतं आणि मंडळाच्या स्पीकरवर लावलं की शब्दच कळत नाहीत. कोल्हापुरात घरी मिक्स करणाऱ्यांना हा त्रास ओळखीचा आहे. दोष बहुधा खोलीचा: फरशी, उघड्या भिंती, कोपऱ्यात साठणारा बास. कान या सगळ्याला सरावतो. त्याला ताळ्यावर आणायला रेफरन्स गाणं लागतं, म्हणजे तुलनेसाठी शेजारी लावलेलं, नीट मिक्स झालेलं तयार गाणं.

तीन गाणी पुरेत. एक गायकाच्या आवाजासाठी, एक बाससाठी, एक तालवाद्यांसाठी. फाइल डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक घ्या. कमी बिटरेटच्या एमपीथ्रीमध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापलेला असतो. त्याच्याशी तुलना केली तर आपल्याच कैताळाची चमक विनाकारण मारली जाते. रेफरन्सचा ट्रॅक मास्टरवरचा (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथला) कॉम्प्रेसर आणि लिमिटर, ही आवाजाची टोकं दाबणारी साधनं, टाळून थेट आउटपुटला जोडा, नाहीतर तयार गाणं दुसऱ्यांदा दाबलं जातं.

आता पातळी जुळवा. इथेच सगळ्यात जास्त मिक्स बिघडतात. तयार गाणं पुष्कळदा उणे ८ ते उणे १० एलयूएफएसवर (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक; शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं) असतं, कच्चं मिक्स उणे १८च्या आसपास. आवाज वाढला की बास आणि वरची चमक जास्त भरून ऐकू येते (फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून मांडलं), म्हणून मोठं ते चांगलं वाटतं. रेफरन्सचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) ८ ते १० डेसिबल खाली घ्या, मीटरवर जुळवा, मग डोळे मिटून कानाने पक्कं करा. हे टाळलं की लिमिटर आवळायचा मोह होतो, आणि आधी हलगीचा कडकडाट मरतो.

ध्रुवपद ध्रुवपदाशीच ताडून बघा, १०-१५ सेकंदांचा तुकडा घेऊन, एका वेळी एकच गोष्ट. दोन्हींवर १२० हर्ट्झचा लो-पास (त्याखालचेच सूर जाऊ देणारा फिल्टर) लावा. आता फक्त घुमकं आणि बास उरतो. रेफरन्सही घुमत असेल तर दोष खोलीचा, ईक्यूला (कोणता पट्टा किती वाजावा हे ठरवणाऱ्या साधनाला) हात लावू नका. फक्त तुमचंच घुमत असेल तर घुमकं उतरवा, आणि १०० हर्ट्झखालचं सगळं मध्यभागी, मोनो (दोन्ही स्पीकरांत सारखं) ठेवा.

हलगीच्या काडीचा ठोका आणि गायकाचे ‘क’, ‘ट’, ‘च’ २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना भिडतात. हलगी थोडी बाजूला पॅन करा, आणि गायक गात असेल तेवढ्यापुरतीच ती ३ किलोहर्ट्झला २-३ डेसिबल उतरेल असा डायनॅमिक ईक्यू लावा. रेफरन्सचा ईक्यू आपोआप छापणारं प्लगइन इथे कामाचं नाही. हलगी शेकली की चढते, दमट हवेत उतरते. दुसऱ्या गाण्याचा आलेख तिला बसत नाही.

मिक्स आकाराला आलं की रेफरन्स म्यूट करा. वहीत दोन रकाने आखा: ‘चुकलं’ आणि ‘मला असंच हवं’. रेफरन्सपेक्षा वेगळी वाटलेली प्रत्येक गोष्ट त्यांपैकी एकात लिहा. गायकाचा आवाज जवळजवळ कोरडा, रिव्हर्ब (मागे रेंगाळणारा घुमारा) एका सेकंदाच्या आत, हलगी गायकाच्या बरोबरीने पुढे, असं काही पाच-सहा गाण्यांत दुसऱ्या रकान्यात परत परत आलं तर ती तुमची ढब. पुढच्या गाण्यात त्यातली एकच गोष्ट मुद्दाम दुप्पट करून पाहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बोलण्याच्या आवाजाइतक्या पातळीवर, फोनच्या स्पीकरवर ऐका. शब्द कळत असतील आणि ती गोष्ट अजूनही हवीशी वाटली, तर ठेवा.