महागडा टीव्ही घेताना आधी भिंत आणि वीज पाहावी, मग दुकान

पासष्ट इंची टीव्ही आणि त्याच्या जोडीला साउंडबार किंवा पाच स्पीकरांचा होम थिएटर संच घ्यायचा म्हटले, की घरातली चर्चा ब्रँड आणि सवलत यांच्यापासून सुरू होते. असा टीव्ही धोक्यात येतो तो मात्र जिन्यात, भिंतीवर आणि विजेच्या बोर्डापाशी. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी घराची तयारी करावी, तिच्यासाठी खर्चाचा काही भाग बाजूला काढावा आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

माप घेणे

पासष्ट इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप असते. असा टीव्ही साधारण १४४ सेंटिमीटर रुंद आणि ८१ सेंटिमीटर उंच भरतो. चित्रपट पाहण्यासाठी कर्णाच्या सव्वा ते दीडपट अंतरावर बसणे सोयीचे मानले जाते, म्हणजे पासष्ट इंचासाठी सुमारे दोन ते अडीच मीटर. दहा फूट रुंदीच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकवून ठेवला, तर डोळे आणि पडदा यांत आठ फुटांच्या आसपास अंतर उरते आणि हा आकार बरोबर बसतो. पंचाहत्तर इंचीही तिथे चालू शकेल, पण घरात अजून साध्या, एचडी नसलेल्या वाहिन्याच लागत असतील तर मोठ्या पडद्यावर त्या फारच भुरकट दिसतात, हे आधी ध्यानात घ्यावे.

त्याच टेपने लिफ्टचे दार, जिन्याचे वळण आणि घराचे दारही मोजावे. खोके टीव्हीपेक्षा बरेच रुंद असते आणि ते आडवे झोपवून आणता येत नाही. जुन्या इमारतींतील अरुंद जिन्यांत हीच गोष्ट आयत्या वेळी गळ्याशी येते.

भिंत

टीव्ही भिंतीवर लावायचा असेल तर भिंत कशाची आहे हे आधी कळले पाहिजे, आणि ते ड्रिलमधून पडणाऱ्या भुकटीवरून समजते. भुकटी लाल पडली तर भिंत विटांची. ड्रिल कर्कश आवाज करीत अडखळत असेल आणि करडी, बारीक भुकटी पडत असेल तर आरसीसीची, म्हणजे लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटची. नव्या टॉवरांत अनेकदा संपूर्ण भिंतीच अशा ओतलेल्या असतात. आणि ड्रिल फारसा जोर न लावता आत सरकत असेल, भुकटी पांढरट व हलकी असेल, तर ती भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे बांधकामावरची माणसे ज्याला सायपोरेक्स म्हणतात त्याची असते. वीट आणि आरसीसी योग्य फास्टनरने वजन नीट पेलतात. सायपोरेक्समध्ये मात्र नेहमीची प्लास्टिकची गिट्टी ठोकून वीस-पंचवीस किलोचा टीव्ही लटकवणे धोक्याचे आहे. तिथे त्या ब्लॉकसाठीच बनवलेले लांब नायलॉनचे प्लग किंवा केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेले बोल्ट लागतात. पुढे ओढता येणारा, वळणारा स्टँड घेतला तर भिंतीवरचा ताण आणखी वाढतो. सुताराने केलेल्या प्लायवूडच्या शोभेच्या पॅनेलवर टीव्ही नुसता स्क्रूने बसवू नये. स्क्रू प्लायमधून मागच्या भिंतीत पक्के गेले पाहिजेत.

पलीकडे बाथरूम असलेली भिंत किंवा पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत शक्यतो टाळावी. बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर आणि खाली भोक पाडू नये, कारण आतल्या वायरींचा पाइप बहुधा त्याच रेषेत असतो. उंचीबाबत आपल्याकडे एक विचित्र सवय रुजली आहे: टीव्ही दाराच्या चौकटीइतका वर चढवायचा आणि मग मान दुखते म्हणायचे. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटिमीटरवर येतात; पडद्याचा मध्य त्याच उंचीच्या आसपास असावा. वायरी भिंतीत घ्यायच्या असतील तर पाइप किमान दोन इंची टाकावा, नाही तर एचडीएमआय केबलचे टोकच त्यातून जात नाही.

वीज

इथे घाई करू नये. टीव्हीच्या मागच्या पट्टीवर बहुतेक वेळा १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. याचा अर्थ व्होल्टेज कमी झाल्याने त्याला सहसा काही होत नाही. धोका आहे तो वाढलेल्या व्होल्टेजचा, आणि तो दोन प्रकारचा असतो.

पहिला प्रकार क्षणिक झटक्याचा. जवळपास वीज कडाडली किंवा मोठी मोटर बंद-चालू झाली, की सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरते व्होल्टेज उसळते. स्पाइक गार्डमधला मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर हा घटक त्या उसळीला वाट करून देतो. दुसरा प्रकार अधिक घातक आणि आपल्याकडे पुरेसा परिचित आहे: न्यूट्रल तुटणे. इमारतीत वीज तीन फेजवर येते आणि प्रत्येक घराला त्यांपैकी एक फेज आणि सामाईक न्यूट्रल मिळतो. हा न्यूट्रल मुख्य पॅनेलमध्ये ढिला पडला किंवा जळाला, की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी मालिकेत जोडली जातात. ज्या घरात त्या वेळी कमी उपकरणे चालू असतील तिथे २३० ऐवजी तीनशे, कधी त्याहूनही अधिक व्होल्ट पोहोचतात आणि ते काही क्षण नव्हे, दुरुस्ती होईपर्यंत टिकतात. अशा वेळी साधा स्पाइक गार्ड उपयोगाचा नाही. त्यातला व्हॅरिस्टर तापून स्वतःच जळतो. इथे हवे ते ठरावीक मर्यादेपलीकडे पुरवठाच तोडणारे साधन. हाय व्होल्टेज कट-ऑफ असलेला टीव्हीचा स्टॅबिलायझर घेता येतो, पण त्याहून चांगला उपाय म्हणजे घराच्या डीबीमध्ये, म्हणजे एमसीबींच्या पेटीत, ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घेणे, कारण त्याने फ्रिज आणि एसीही वाचतात. त्याच डीबीत टाइप २ सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे क्षणिक झटका जमिनीकडे वळवणारे साधन, बसवला तर पहिल्या प्रकारच्या धोक्याचीही सोय होते.

घरातले दिवे अचानक लख्ख पेटले, पंखे वेगाने फिरू लागले किंवा एका घरात दिवे मंद आणि शेजारी प्रखर झाले, तर कारण शोधत न बसता आधी मेन स्विच खाली पाडावा आणि मग १९१२ या क्रमांकावर किंवा सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला कळवावे.

यांतले स्पाइक गार्ड आणि सर्ज प्रोटेक्टर अर्थिंग धड असेल तरच पूर्ण काम करतात. तीन भोकांच्या सॉकेटमधले वरचे मोठे भोक पुष्कळ जुन्या घरांत रिकामेच असते, म्हणजे त्याला मागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावायला सांगावे: फेज आणि न्यूट्रल यांत २३० च्या आसपास, फेज आणि अर्थ यांतही जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांत जेमतेम काही व्होल्ट दिसले पाहिजेत. पाच मिनिटांचे हे काम आपल्यासमोर करून घ्यावे.

वळिवाच्या आणि परतीच्या पावसात, म्हणजे एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, विजांसाठी वेगळी शिस्त लागते. वीज केवळ प्लगमधून येत नाही. डिशची किंवा केबलची तार आणि इंटरनेटची लॅन वायरही तिला सेट-टॉप बॉक्समार्गे एचडीएमआय पोर्टपर्यंत आणते. गडगडाट जवळ येण्याआधीच प्लग आणि या तारा दोन्ही काढून ठेवाव्यात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देते.

दुकानात

दुकानातला टीव्ही नेहमी भडक मोडवर लावलेला असतो. विक्रेत्याला तो ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर आणायला सांगावे आणि त्यावर एखादा अंधारा प्रसंग, तसेच साध्या वाहिनीवरचा क्रिकेट सामना पाहावा. खरा फरक तिथे दिसतो.

पॅनेलची निवड घरातल्या सवयीवर ठरवावी. ओएलईडीमध्ये प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देतो आणि पूर्ण विझू शकतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. अंधार करून चित्रपट पाहणाऱ्यांना यासारखे दुसरे काही नाही. पण तेच चिन्ह, तीच पट्टी रोज तासन्‌तास एकाच जागी राहिली तर तिचा डाग कायमचा उमटू शकतो. ज्या घरात सकाळपासून वृत्तवाहिनी लागलेली असते आणि पडद्याखाली ‘ब्रेकिंग’ची लाल पट्टी अखंड धावत असते, त्या घराने ओएलईडीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे, किंवा भरपूर उजेडाच्या हॉलमध्ये, मिनी एलईडी, म्हणजे मागे पुष्कळ बारीक दिवे असलेला एलसीडी, अधिक योग्य ठरतो. क्यूएलईडी हे नाव ऐकायला ओएलईडीसारखे असले तरी तो मागून प्रकाश सोडलेला एलसीडीच असतो.

होम थिएटर जोडायचे असेल तर ई-आर्क असलेला, म्हणजे टीव्हीचा आवाज पूर्ण दर्जाने साउंडबारकडे पाठवणारा एचडीएमआय पोर्ट आहे का ते पाहावे. गेमिंग करायचे असेल तर पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो आकडा, १२० हर्ट्झ आहे का ते विचारावे. खोक्यावरचे ‘मोशन’चे मोठमोठे आकडे जाहिरातीपुरते असतात. आवाजासाठी वेगळी रक्कम ठेवावीच, कारण पातळ टीव्हीत चांगले स्पीकर मावत नाहीत.

बत्तीस इंचांवरील टीव्हींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे सवलत मोजताना त्याआधीच्या किमतीशी तुलना करू नये. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याजाइतकी सूट दाखवली जात असली, तरी त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि बहुधा प्रोसेसिंग शुल्क लागते, शिवाय रोखीची सूट हातची जाते. एकरकमी दर विचारूनच निर्णय घ्यावा. बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक हवा, कारण सेलमधले मॉडेल कधी कधी शेवटच्या एका अक्षराने वेगळे आणि गुणांनी कमी असते.

वाढीव वॉरंटीच्या कागदातला ‘यात समाविष्ट नाही’ हा भाग आधी वाचावा. पडदा फुटणे, पाणी, किडे आणि जास्त व्होल्टेज हे सारे बहुतेक वेळा तिथेच सापडते, आणि नेमकी तीच भीती असते. तेवढे पैसे डीबीतल्या प्रोटेक्टरवर घालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. घराचा विमा असेल तर तोही तपासावा. १ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत इमारतीच्या विम्याबरोबर घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळते. मात्र शॉर्ट सर्किट किंवा जादा दाबाने उपकरणातच झालेला बिघाड त्यातून वगळलेला असतो; त्यासाठी उपकरण-बिघाडाचे वेगळे कलम मिळते का, ते विमा कंपनीला विचारावे.

टीव्ही येतो तो दिवस

खोके उभेच यावे, उभेच ठेवावे. कोपरा चेपलेला दिसला तर स्वीकारण्याच्या पावतीवर तसे लिहावे आणि फोटो काढावा. कंपनीचा माणूस येईपर्यंत खोके फोडू नये. ते उघडताना सीलपासून पडदा पहिल्यांदा उजळेपर्यंत एकसलग व्हिडिओ घ्यावा, त्यात अनुक्रमांक वाचता आला पाहिजे. उचलताना दोघांनी खालून व कडेने धरावे. पडद्यावर बोटांचा दाब पडता कामा नये. चालू झाल्यावर काळा, पांढरा, करडा, लाल, हिरवा आणि निळा असे सपाट रंग पूर्ण पडद्यावर लावून मेलेले बिंदू, उभे पट्टे आणि कडांचा गळता उजेड पाहावा. काळ्या रंगासाठी खोलीत अंधार करावा. परतीची मुदत संपेपर्यंत थर्माकोलसह खोके जपून ठेवावे.

रोजची निगा

रात्री झोपताना सगळी बटणे बंद करणे ही आपल्याकडची चांगली सवय, पण ओएलईडीबाबत तिला थोडी मुरड घालावी लागते. काही तास पाहून झाल्यावर हा टीव्ही स्टँडबायमध्ये असताना स्वतःच्या पॅनेलची समतोल साधणारी प्रक्रिया काही मिनिटे चालवतो. म्हणून आधी रिमोटने बंद करावा आणि बोर्डावरचे बटण बऱ्याच वेळाने बंद करावे; विजा-पावसाचा काळ नसेल तर ते मुळीच बंद करू नये.

पुसण्यासाठी बंद आणि गार झालेल्या पडद्यावर कोरडे मायक्रोफायबर कापड पुरते. डाग जात नसेल तर कापड किंचित ओले करावे, पाणी थेट पडद्यावर फवारू नये. काच पुसायचे निळे द्रावण, स्पिरिट किंवा वर्तमानपत्राचा बोळा यांनी पडद्यावरचा चकाकी रोखणारा थर निघतो.

मागच्या जाळीत ऊब असते, त्यामुळे पाली, झुरळे आणि मुंग्या तिथे मुक्काम करतात आणि सर्किट बोर्डवर शॉर्ट होतो. भिंतीतल्या वायरींच्या पाइपची तोंडे बुजवावीत, पण झुरळे मारायचा स्प्रे जाळीत मारू नये. कोकण-गोव्याच्या दमट हवेत पावसाळ्यात टीव्ही महिनोन्‌महिने बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून तासभर चालवलेला बरा.

तक्रार करावी लागली तर

प्रथम कंपनीकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा. दाद न मिळाल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, वकील न लावताही अर्ज करता येतो आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. निकाल बहुतेक वेळा कागदांवर ठरतो, आणि त्यांतला सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे तपासणीला आलेल्या तंत्रज्ञाचा जॉबशीट, म्हणजे त्याने भरलेला तपासणीचा कागद. त्यावर ‘ग्राहकाकडून नुकसान’ किंवा ‘हाय व्होल्टेज’ असे लिहिले असेल आणि ते मान्य नसेल, तर सहीच्या वर ‘हे मला मान्य नाही’ असे तारखेसह लिहावे, मगच सही करावी, आणि तंत्रज्ञ दाराबाहेर पडण्याआधी त्या कागदाचा फोटो घ्यावा.