बोटभर सुपरहीरोला नवा रंग

पोळा झाला की नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, पाय ठेवायला जागा नसते. गणपती चार-पाच दिवसांवर आलेले असतात आणि मूर्तिकार शेवटचं काम, म्हणजे डोळ्यांची आखणी करत बसलेले असतात. मी दरवर्षी तिथं उगाच रेंगाळतो. घरी माझ्या टेबलावरही मूर्त्याच असतात, फक्त बोटभर उंचीच्या आणि केप घातलेल्या.

हीरोक्लिक्स नावाचा एक खेळ आहे. विझकिड्स या अमेरिकन कंपनीनं तो 2002 साली आणला. प्रत्येक सुपरहीरोच्या पायाखाली एक गोल बैठक असते आणि तिच्यात फिरणारी डायल. मार बसला की तितके क्लिक डायल फिरवायची, म्हणजे खिडकीतले वेग, हल्ला, बचाव आणि इजा यांचे आकडे बदलतात. फिगर बंद पाकिटात मिळतात, आत कोण निघेल ते नशीब. त्यामुळे एकाच हीरोच्या तीन-तीन प्रती साठतात. कारखान्यातला रंगही घाईचा असतो, भुवई एकीकडे आणि डोळा दुसरीकडे. या जास्तीच्या प्रती म्हणजे नव्यानं रंगवायला आपला कच्चा माल. हाताशी हीरोक्लिक्स नसेल तर मऊ प्लॅस्टिकची कुठलीही छोटी खेळणी चालतात.

भाच्यानं गेल्या उन्हाळ्यात फर्मान काढलं, "मामा, आपल्या नागपूरचा हीरो बनव न!" संत्र्याच्या रंगाचा पोशाख आणि पानासारखी हिरवी केप. तोच उदाहरणाला घेतो.

आधी आंघोळ

फिगर बैठकीला गोंदानं चिकटवलेली असते. फक्त पाय बुडतील एवढ्या गरम पाण्यात अर्धा मिनिट धरा आणि हळू पिळत ओढा. नाही निघाली तर तळव्याखालून पातळ ब्लेड सरकवा, बोटं ब्लेडच्या मागं ठेवून. डायलला पाणी लागू देऊ नका, आतलं छापील काम खराब होऊ शकतं. मग फिगर भांड्यांच्या साबणानं, जुन्या टूथब्रशनं घासून धुवा. साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर अंगावर राहिला तर रंग धरतच नाही.

जुना रंग काढायची गरज नाही, त्याच्यावरच रंगवता येतं. मी पहिल्यांदा शहाणपणा करून ताईचं नेलपॉलिश रिमूव्हर वापरलं. रंग गेला, त्याबरोबर हीरोचं नाकही गेलं, आणि उरलेलं अंग आठ दिवस बोटाला चिकटत होतं. ॲसिटोन आणि थिनर या प्लॅस्टिकपासून लांबच बरे.

वाकलेली तलवार किंवा पाय सरळ करायचा असेल तर नुकत्याच उकळलेल्या पाण्यात बुडवा, मऊ झाला की चिमट्यानं सरळ धरा आणि लगेच थंड पाण्यात घाला. साच्याच्या जोडाची रेघ ब्लेड आडवं धरून खरवडा. पॉलिश पेपर इथं कामाचा नाही, मऊ प्लॅस्टिकला त्यानं लव सुटते.

कापणं आणि जोडणं

पहिल्या फिगरला फक्त रंग द्या, रूप बदलायच्या भानगडीत पडू नका. दुसऱ्यापासून हात मोकळा सोडा.

केपसाठी एम-सील घ्या, नळाची गळती बुजवायला घरात असतं तेच. दोन्ही भाग सारखे, रंग एकजीव होईपर्यंत हातमोजे घालून मळा. गोळी प्लॅस्टिकच्या पिशवीच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून पापडासारखी लाटा, पिशवीला आतून पाण्याचा हात लावून. पंधरा-वीस मिनिटं थांबा, तिला जरा अंग येऊ द्या. मग केपचा आकार कापून खांद्यावर टाका आणि ओल्या टूथपिकच्या पाठीनं घड्या पाडा. घड्या खांद्यापासून खाली पसरत गेल्या पाहिजेत, नाहीतर केपऐवजी टॉवेल दिसतो. रात्रभर वाळू द्या.

हात किंवा डोकं बदलायचं तर नुसत्या फेविक्विकवर भरवसा ठेवू नका. डाव रंगला की पोरं फिगरला मानेला धरूनच उचलतात. दोन्ही बाजूंना बारीक छिद्र पाडा, मध्ये कागदाच्या क्लिपच्या तारेचा तुकडा बसवा आणि मग चिकटवा.

अस्तर, आणि आपली हवा

रंगाआधी अस्तर, म्हणजे प्रायमर. स्प्रेचा मोह होतो, पण मऊ प्लॅस्टिकवर काही स्प्रे महिनोन्‌महिने चिकट राहतात. मी सीताबर्डीवरच्या चित्रकलेच्या सामानाच्या दुकानातून जेसो, म्हणजे कॅनव्हासला लावतात ते अस्तर, आणतो, थोडं पाणी घालून ब्रशनं दोन पातळ हात देतो आणि एक दिवस हात लावत नाही. संत्री, पिवळा, लाल असे उजळ रंग द्यायचे असतील तर अस्तर पांढरं किंवा फिकट राखाडी. काळ्या अस्तरावर पिवळा चढवायला पाच हात लागतात, एवढा संयम माझ्यात नाही.

आता नागपूरची गोष्ट. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना ॲक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो. कूलरसमोर बसलात तर हवेच्या झोतानं आणखी लवकर. म्हणून कूलरकडे पाठ करा आणि ओली पॅलेट बनवा: पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीही ओला मिळतो. मी सरळ सकाळी सहाला बसतो, तर्री-पोह्यांच्या आधी तासभर काम उरकतं.

रंग

औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं फिगर बसवा. बाटली हातात धरायची, फिगरला बोट लावायचं नाही. रंग शाळेला लागतात तेच ॲक्रिलिक, ब्रश शून्य आणि दोन नंबरचे. टोक मात्र एकत्र येणारं हवं.

रंग दुधाइतका पातळ करा. पहिला हात फाटका, डागाळ दिसेल. दिसू द्या. वाळल्यावर दुसरा द्या, लागला तर तिसरा. जाड एका हातात काम उरकलं की चेहऱ्यावरचं कोरीव काम बुजतं आणि हीरो मेणबत्तीसारखा दिसायला लागतो.

आणि इथं चितार ओळीच्या उलटं वागायचं. त्यांचे डोळे शेवटी, आपले आधी. डोळा मोहरीएवढाही नसतो, पहिल्या फटक्यात नीट जमत नाही. आधी तिथं गडद तपकिरी लावा, त्यावर पांढरी आडवी रेघ, मध्ये वरून खाली एकच काळी उभी रेघ. गोल ठिपका दिलात तर हीरो भूत पाहिल्यासारखा दचकलेला दिसतो. पांढरा बाहेर सांडला तर काळजी नको, नंतर कातडीच्या रंगानं कडा आत घेता येतात. कातडी आधी रंगवून मग डोळे बिघडले तर सगळा चेहरा पुन्हा करावा लागतो. मग पोशाख, शेवटी पट्टा, बूट, छातीवरचं चिन्ह. आतून बाहेर, आपण कपडे घालतो त्याच क्रमानं.

पिवळा आणि संत्री अंगानं कमजोर रंग. त्यांच्याखाली मी मातकट पिवळ्याचा एक हात देतो, मग संत्री दोनच हातांत भरतो. सावलीला काळा वापरू नका, संत्र मळतं. लालसर तपकिरी घ्या, एका थेंबाला पाच-सहा थेंब पाणी घाला आणि टूथपिकच्या टोकावर येईल एवढा भांड्यांचा साबण. हे पाणी स्नायूंच्या खाचांत आपोआप उतरतं, उंचवट्यावर साचलेलं कोरड्या ब्रशनं टिपून घ्यायचं. उजेडाच्या जागी संत्र्यात पिवळा मिसळा. पांढरा मिसळलात तर पोशाख मिठाईच्या दुकानातला वाटतो. हिरव्या केपच्या घड्यांत थोडा निळा आणि कडांवर थोडा पिवळा.

फरक जरा भडकच ठेवा. मूर्तिकार भुवई कशी ठसठशीत ओढतो बघा, कारण मूर्ती मंडपातून बघायची असते. आपली फिगर हातभर लांबून, टेबलापलीकडून बघितली जाते. जवळून नाजूक वाटणारी छटा तिथून सपाट दिसते. दर थोड्या वेळानं बाटली हात लांब करून धरा आणि मगच पुढचा फटका मारा.

शेवटचे हात

डावात फिगर सतत हाताळली जाते, म्हणून वॉर्निश हवंच. पाण्यात मिसळणारं मॅट वॉर्निश ब्रशनं दोनदा, पातळ. पावसाळ्यात स्प्रे वॉर्निश मारू नका, दमट हवेत त्यावर पांढरं धुकं धरतं आणि महिन्याची मेहनत झाकली जाते.

बैठकीवर जमीन करायची असेल तर शेजारी बांधकाम सुरू असेलच. मूठभर कन्हान नदीची रेती मागून आणा, धुवा, चहाच्या गाळणीतून चाळा आणि फेविकॉलच्या पातळ थरावर भुरभुरवा. आकड्यांची खिडकी आणि डायलची फट आधी टेपनं झाका. मी विसरलो होतो. भाच्याच्या नागपूरकर हीरोला पहिल्याच डावात तीन क्लिकचा मार बसला आणि डायल दुसऱ्यावरच करकरून अडली. भाचा ठासून सांगत होता की त्याच्या हीरोला तिसरी इजा झालीच नाही. शेवटी सुईनं रेतीचा कण काढला तेव्हा डाव पुढे सरकला.