बॅकअप ट्रंक असूनही कॉल मरतात: सिप रूटिंगमधल्या या चुका टाळा

"दुसरा ट्रंक टाकलाय, आता काळजी नाही." हे वाक्य ऐकलं की मी एकच प्रश्न विचारतो: त्या दुसऱ्या ट्रंकवरून शेवटचा खरा कॉल कधी गेला? बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो. (सिप म्हणजे इंटरनेटवरून कॉल लावण्या-तोडण्याची संदेशांची भाषा. ट्रंक म्हणजे आपल्या यंत्रणेला कॅरिअरशी, म्हणजे फोन कंपनीशी, जोडणारी वाट.)

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बॅकअप रूट कागदावर असतो, कॉन्फिगरेशनमध्येही असतो, पण त्याची पाळीच येत नाही. एका कॉल सेंटरचं प्रकरण सांगतो. दोन वेगळे कॅरिअर, मांडणी नीटनेटकी, मॉनिटरिंगच्या पडद्यावर सगळं हिरवंगार. तरीही सकाळपासून एकच तक्रार: नंबर लावला की नुसती शांतता, रिंग नाही, बिझी टोन नाही, काहीच नाही. रिपोर्ट काढला तर बिघाडाचा मागमूस नव्हता. प्रत्येक कॉलपुढे सिपचा उत्तर-कोड ४८७, म्हणजे लावणाऱ्यानेच कॉल सोडला. तिथल्या ॲडमिनचा निष्कर्ष तयार होता: एजंटांना धीर नाही.

एसएनग्रेप (सिपचे संदेश दाखवणारं साधन) लावून ट्रेस पाहिला. इन्व्हाइट (कॉल लावायची विनंती) गेला, लगोलग १०० ट्रायिंग ("प्रयत्न करतोय") आला आणि त्यापुढे काही नाही. दहा-बारा सेकंदांनी वैतागलेला एजंट फोन ठेवतो, कॅन्सल (कॉल रद्द करायचा संदेश) जातो, ४८७ येतो. कॅरिअरच्या दारातला एसबीसी (सीमेवरचा पहारेकरी सर्व्हर) ठणठणीत होता, मागचं स्विच आडवं झालं होतं. आपण दर थोड्या वेळाने ऑप्शन्स ("जिवंत आहेस का?" असा संदेश) पाठवून विचारतो, एसबीसी दारातूनच २०० ओके ("सगळं ठीक") देतो. म्हणून पडदा हिरवा.

आता बॅकअपवर कॉल का गेला नाही? सिपचं मूळ मानक आरएफसी ३२६१. त्यात टी१ या पायाभूत वेळेची नेहमीची किंमत ५०० मिलिसेकंद. इन्व्हाइटला काहीच उत्तर आलं नाही, तर ६४ पट म्हणजे ३२ सेकंदांनी टाइमर बी हार मानतो. पण १०० आला की हे घड्याळच थांबतं. त्यापुढे प्रॉक्सीकडे (कॉल पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरकडे) उरतो टाइमर सी, आणि तो तीन मिनिटांहून मोठा असला पाहिजे असं त्याच आरएफसीत लिहिलंय. माणूस बारा सेकंदांत फोन ठेवतो, यंत्र तीन मिनिटं वाट बघतं. त्या दिवशी दुसऱ्या ट्रंकवर एकही कॉल पोचला नाही, आणि तरी कॉन्फिगरेशनमध्ये एकही ओळ चुकीची नव्हती.

माझी सवय अशी: १०० ला मी उत्तर मानतच नाही. पुढच्या टप्प्याला निरोप पोचला, एवढाच त्याचा अर्थ. १८० (रिंग वाजतेय) किंवा १८३ (कॉल पुढे सरकतोय) आला तरच रूट जिवंत. त्यासाठी देशांतर्गत कॉलला सहा सेकंद देतो, आंतरराष्ट्रीय कॉलला त्याच्या दुप्पट, कारण तिथे रिंग सुरू व्हायलाच वेळ लागतो. तेवढ्यात काही हाललं नाही तर पहिला लेग (कॉलचा त्या कॅरिअरकडे गेलेला तुकडा) कॅन्सल करून पुढचा कॅरिअर. फ्रीस्विच या टेलिफोनी सॉफ्टवेअरमध्ये यासाठी प्रोग्रेस टाइमआउट आहे. कामाइलिओ या सिप प्रॉक्सीत १०० आल्यानंतर चालणारा टाइमर मुळात १२० सेकंदांचा असतो. पण घाईघाईत तो सरसकट सहावर आणू नका, वाजत असलेले फोनही कापले जातील. आधी लहान ठेवा, १८० आल्यावर वाढवा.

आणि चाचणी घेताना केबल उपटून "फेलओव्हर चाललं" म्हणून टाळ्या पिटू नका. फायरवॉलमध्ये रिजेक्ट लावूनही नको. त्यात नकार तत्काळ मिळतो, म्हणून बॅकअपही तत्काळ लागतो. खरा बिघाड मुका असतो. ड्रॉप लावा, म्हणजे फायरवॉल काहीही न कळवता पॅकेट टाकून देईल. त्याहून चांगलं म्हणजे सिप्पी (एसआयपीपी, सिपच्या चाचणीचं साधन) वापरून १०० देऊन गप्प बसणारा खोटा कॅरिअर उभा करा आणि घड्याळ घेऊन बसा.

दुसरी लाडकी चूक याच्या बरोबर उलट: काहीही झालं की पुढच्या रूटवर ढकला. ॲस्टेरिस्क या फोन-एक्स्चेंज सॉफ्टवेअरमध्ये डायलच्या ओळीखाली दुसऱ्या कॅरिअरची डायलची ओळ चिकटवली की काम झालं, असं नवशिक्यांना वाटतं. मग ज्याचा फोन बिझी आहे त्याला दुसऱ्या वाटेने पुन्हा फोन जातो. ज्याने अर्धा मिनिट वाजवून उचलला नाही, त्याचा फोन पुन्हा अर्धा मिनिट वाजतो. ४८६ (बिझी) मिळाला की तो माणूस कुठल्याही कॅरिअरवरून बिझीच असणार. ६०३ म्हणजे स्पष्ट नकार, तिथे थांबायचं. ५०३ (सेवा उपलब्ध नाही) आणि ४०८ (वेळ संपली) वर बिनधास्त पुढे जा. ४०४ वर मी एकदाच पुढे जातो, कारण काही कॅरिअर आपल्याकडे रूट नसला तरी नंबरच नाही म्हणून मोकळे होतात. ॲस्टेरिस्कमध्ये डायलस्टेटस (डायलचा निकाल) तपासा आणि चॅनअनअव्हेल (वाट उपलब्ध नाही) किंवा कंजेशन (वाट तुंबली) असेल तरच पुढची ओळ चालवा. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, बस्स.

डिफॉल्ट रूटबद्दल माझं मत कडवट आहे. "बाकी सगळं तिकडे पाठव" असं दोन पीबीएक्सवर (ऑफिसच्या फोन एक्स्चेंजवर) एकमेकांकडे बोट दाखवून लिहिलं की एक चुकीचा नंबर दोघांमध्ये घिरट्या घालतो. मॅक्स-फॉरवर्ड्स (दर टप्प्याला एकाने घटणारा आकडा) ७० वरून शून्यावर येऊन ४८३ (फार टप्पे झाले) देईल, या भरवशावर राहू नका. ते प्रॉक्सीचं काम. पीबीएक्स आलेला कॉल स्वतःकडे संपवून नवा काढतो, आणि अनेक ठिकाणी नव्या लेगवर आकडा पुन्हा ७० होतो. मग सगळे चॅनल भरेपर्यंत कोणी थांबवत नाही. ज्या ट्रंकवरून कॉल आला त्याच ट्रंकवर तो परत जाणार नाही, एवढा नियम सगळ्यात आधी लिहा. आणि अनोळखी पत्त्यावरून आलेल्या इन्व्हाइटला बाहेर जायचा रूट दिसता कामा नये, नाहीतर रात्रीत परदेशी कॉलचं बिल येतं.

नंबर आत येताच ई.१६४ मध्ये (देशाच्या कोडसह आंतरराष्ट्रीय स्वरूपात) करून घ्या, जास्तीत जास्त १५ अंक. प्रत्येक ट्रंकवर वेगवेगळी शून्यं काढत-लावत बसू नका. मात्र आपत्कालीन क्रमांक या गिरणीत घालायचे नाहीत. तीन अंकांना देशाचा कोड चिकटला की तो कॉल कुठेच जात नाही, आणि ते कळतं नको त्या वेळी.

एसआरव्ही रेकॉर्डमध्ये (सर्व्हर कुठे आहे हे सांगणाऱ्या डीएनएस नोंदीत) प्रायॉरिटीचा लहान आकडा आधी, वेटचा आकडा मोठा त्याला जास्त कॉल. उलटं लिहिलेलं वारंवार दिसतं.

फक्त स्वस्त दर बघून रूट लावणाऱ्यांना मी काही सांगायचं सोडून दिलंय. रूटनिहाय १८० न आलेल्या कॉलचा आलेख ठेवा, दरपत्रक नंतर बघा.

कॉल लागतो, बोलणं होतं आणि बरोबर ३२ सेकंदांना तुटतो? रूटिंगला हात लावू नका. २०० ओकेला एसीके (पोच मिळाल्याची खूण) पोचत नाहीये. कॉन्टॅक्ट हेडरमध्ये (उत्तर कुठे पाठवायचं ते सांगणाऱ्या ओळीत) बाहेरून न पोचता येणारा खासगी आयपी गेलाय का ते पाहा, आणि राउटरमधला सिप एएलजी (सिपचे संदेश परस्पर बदलणारी सोय) बंद करा.