मायकोरायझा देऊनही मुळांवर गाठी? या चुका टाळा

रोपं पिवळी पडली, उपटून पाहिलं तर मुळांना गाठी. मग मायकोरायझा, म्हणजे मुळांत राहणारी उपयोगी बुरशी, आणून बुडाशी ओतला, आणि महिना उलटला तरी फरक नाही. ही तक्रार वारंवार ऐकू येते. यात बहुतेक वेळा बुरशी वाईट नसते, तिच्याकडून भलतंच काम मागितलेलं असतं.

या गाठी करते ती सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारा डोळ्यांना न दिसणारा बारीक कृमी. मायकोरायझा तिला थेट मारत नाही. ही बुरशी मुळाच्या पेशींत शिरून राहते, झाडाकडून साखर आणि स्निग्ध पदार्थ घेते आणि मुळांचा हात पोचत नाही तिथला स्फुरद (फॉस्फरस), जस्त आपल्या तंतूंतून आणून देते. तिने मुळात आधीच बस्तान बसवलं असेल, तर सूत्रकृमीच्या पिल्लांना शिरायला आणि पोसायला वाव कमी मिळतो. झाडाची स्वतःची संरक्षणयंत्रणाही सावध झालेली असते. हल्ला होताच ती लवकर आणि जोरात प्रतिकार करते. नुकसान झालंच, तरी पोषण चांगलं असल्यामुळे झाड ते सोसून नेतं.

या सगळ्यात ‘आधीच’ हा शब्द महत्त्वाचा, आणि सर्वांत मोठी चूक तिथेच होते. बुरशीला मुळात नीट पसरायला काही आठवडे लागतात. गाठी करणारी सूत्रकृमी उबदार मातीत साधारण महिन्याभरात एक पिढी पूर्ण करते, आणि एकेक मादी शेकडो अंडी घालते. गाठी दिसल्यावर बुरशी दिली तर शर्यत सुरू होण्याआधीच हरलेली असते. ती रोपवाटिकेतच द्या: पेरणीच्या माध्यमात मिसळून किंवा बियाण्याच्या अगदी खाली, म्हणजे पहिलं मूळ तिच्यातूनच वाढेल. लावणीच्या वेळी द्यायची तर खड्ड्यात, मुळांना चिकटून. मातीवर वरवर भुरभुरून फारसं साधत नाही आणि पानांवर फवारणं निव्वळ वाया.

दुसरी चूक खताची. जमिनीत सहज मिळणारा स्फुरद भरपूर असला की झाड या बुरशीला मुळात फारसं वाढू देत नाही. आयतं मिळत असताना ते साखर कशाला खर्च करेल? लावणीला स्फुरदाचा भरघोस डोस आणि त्याच खड्ड्यात मायकोरायझा, हा जोडीचा प्रयोग करू नका. आधी माती तपासा, मग मात्रा ठरवा.

मायकोरायझा आणि ट्रायकोडर्मा ही दुसरी उपयोगी बुरशी यांची गल्लतही फार होते. ट्रायकोडर्मा कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थावर स्वतंत्रपणे वाढते, शेणखतात मिसळून तिची वाढ करता येते. पिकांच्या मुळांत राहणारी ही मायकोरायझा मात्र जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. तिचं पाकीट साखरेच्या पाण्यात भिजवून ‘वाढवायला’ ठेवलं, तर वाढतात ते दुसरेच जंतू.

कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा, पालक, बीट ही पिकं तिला थाराच देत नाहीत. तिथे पैसे घालवू नका. ही पिकं घेतल्यावर किंवा जमीन बराच काळ मोकळी पडल्यावर मातीतली मूळची बुरशीही कमी होते. पुढच्या पिकाला ती देण्याचा उपयोग तिथे जास्त. वारंवार खोल नांगरट केल्याने तिचं तंतूंचं जाळं तुटतं. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी तिला थेट बाधते.

हुमणीसारख्या मुळं कुरतडणाऱ्या अळ्यांसाठी मात्र मायकोरायझावर एवढी भिस्त ठेवू नका. तिथला परिणाम पीक आणि बुरशीची जात यांनुसार बदलतो.

आता तपासणी. द्विदल पिकात गाठी दिसल्या की घाबरून उपचार सुरू होतात, पण त्या रायझोबियम या नत्र पुरवणाऱ्या उपयोगी जिवाणूच्या असू शकतात. मूळ धुऊन गाठीला बोटाने हलकेच चोळा. रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, सहज सुटते, आणि चांगली काम करत असेल तर आतून गुलाबी निघते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं. ती काढायला गेलात तर मूळ तुटतं. मायकोरायझा मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. तो मुळात शिरला का, हे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं.

ती सोय नसेल तर त्याच वाफ्यात काही रोपं बुरशी न देता लावा. सहा ते आठ आठवड्यांनी दोन्हीकडची थोडी रोपं मातीसकट अलगद खणून काढा, मुळं बादलीत बुडवून धुवा आणि गाठी शेजारी ठेवून बघा. नुसतं शेंड्याकडे पाहून निकाल लावू नका, कारण गाठी असतानाही चांगलं पोसलेलं झाड वरून हिरवंगार दिसू शकतं.