‘ॲसिडिटी झाली’ म्हणण्याआधी

छातीत जळजळ, करपट ढेकर, पोटात कळ, दोन घासांत पोट गच्च. या सगळ्याला आपण ‘ॲसिडिटी’ म्हणतो आणि त्यावर एकच गोळी घेतो. गोची तिथेच होते.

आधी धोक्याच्या खुणा तपासा. घास अडकतो का? उलटीत रक्त आहे का? शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होतं का? विनाकारण वजन घटतंय का? यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय नकोत, डॉक्टरांना गाठा. रक्त पडत असेल तर लगेच. छातीवर दाब, घाम, जबड्यात किंवा हातात कळ असेल, तर ते हृदयाचं दुखणं समजून तडक हॉस्पिटलला जा. ‘गॅस असेल’ म्हणत थांबू नका.

मग दुखतं कुठे आणि कधी, ते आठवडाभर लिहून ठेवा. जळजळ छातीच्या मधल्या हाडामागे होत असेल, वाकल्यावर किंवा आडवं पडल्यावर वाढत असेल, घशाशी आंबट पाणी येत असेल, तर बहुधा अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडून जठरातलं आम्ल वर येतंय. अशा वेळी रात्रीचं जेवण झोपेच्या ३ तास आधी उरका. डाव्या कुशीवर झोपा. पलंगाचे डोक्याकडचे पाय १५ ते २० सेंटिमीटर उचला. उशांची चळत लावू नका, तिने पोट दुमडतं आणि आम्ल उलट वर ढकललं जातं. वजन जास्त असेल तर ते उतरवणं यातल्या कुठल्याही युक्तीपेक्षा मोलाचं, पण तेच सगळ्यात अवघड!

बेंबीच्या वर कुरतडल्यासारखं दुखत असेल तर जठराचा संशय घ्या. अल्सरचं, म्हणजे तिथल्या आतल्या जखमेचं, खापर कित्येक वर्षं काळजीवर आणि तिखटावर फुटत होतं. खरी मुख्य कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हा जिवाणू चक्क पिऊन स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये सहकारी रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. हा जिवाणू श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत सापडतो. ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ती साधारण २ आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल कोरा येऊ शकतो.

ही गोळी जळजळ सुरू झाल्यावर नव्हे, जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. डॉक्टरांना न विचारता १४ दिवसांपुढे नको. बरेच महिने घेतली असेल तर एकदम सोडू नका. आम्ल उसळी मारतं, आणि आपल्याला वाटतं, दुखणंच परत आलं.